उन्हाळ्याचं दुखणं हिवाळ्यात कळतं

‘डिस्प्लेच येत नाही’ म्हणून जुना संगणक दुरुस्तीला न्यावा, तर ‘बोर्ड गेला’ हा निकाल ठरलेला. तो बहुधा घाईचा असतो. प्रोसेसर सहसा मरत नाही. आधी जातात ते त्याच्याभोवतीचे काही रुपयांचे कपॅसिटर.

अकोला-अमरावतीत तर पहिला संशय त्यांच्यावरच घ्यावा. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 अंशांपलीकडे जातो, बंद कॅबिनेटमध्ये आणखी वर. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या पोटातला द्रव या उष्णतेने बुडाच्या रबरी बुचातून हळूहळू उडून जातो. ढोबळ हिशेब असा, की तापमान 10 अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. 105 अंशांना 2000 तासांची हमी असलेला कपॅसिटर 55 अंशांना 64,000 तास चालावा, 65 अंशांना 32,000 तासच. त्यातच 2000 सालानंतरच्या कित्येक मदरबोर्डांवर सदोष रसायनाचे कपॅसिटर बसले होते. त्यांच्या टोप्या फुगलेल्या दिसतात, तिथे मीटरचीही गरज नाही.

खरी पंचाईत न फुगता सुकलेल्यांची. उरलासुरला द्रव थंडीत आणखी आळसावतो आणि कपॅसिटरचा अंतर्गत रोध (ईएसआर) वाढतो. म्हणून डिसेंबरच्या सकाळी हटून बसलेला संगणक दुपारी मुकाट सुरू होतो! संशयित कपॅसिटरवर हेअर ड्रायरची गरम हवा सोडली आणि यंत्र जागं झालं, तर चोर सापडलाच म्हणायचा. साधा मल्टिमीटर इथे फसवतो. 5 व्होल्टची तार 4.75 ते 5.25 च्या मर्यादेत दिसते, पण तिच्यातली थरथर त्याला दिसत नाही. तिला ऑसिलोस्कोप लागतो, नाहीतर कपॅसिटर काढून ईएसआर मीटरवर तपासावा.

बाकीचं सोपं. हार्डडिस्क, कार्डं, रॅम सगळं काढून स्पीकर जोडून पाहावा. रॅम नसल्याची तक्रार बीपने केली, तर बोर्ड शुद्धीवर आहे. रॅमच्या पट्ट्यांवर कूलरच्या दमट हवेने धूळ चिकटते, ती खोडरबराने निघते. 386-486 च्या काळातल्या बोर्डावर निकेल-कॅडमियमची बॅटरी असेल, तर यंत्र चालू असलं तरी ती काढून टाकावी. तिचा झिरपलेला अल्कली तांब्याच्या रेषा खातो.

एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, मात्र हौसेने उघडू नये. त्यातल्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे 325 व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ टिकून राहू शकतात.