गोष्ट, शब्द नसलेली

पक्षाघाताच्या झटक्याने आईची वाचा गेली आणि उजवा हात लुळा पडला. तिला ऐकू नीट येत होते, तरी आम्ही घरातले सगळे तिच्याशी उगाच मोठ्याने, एकेक शब्द तोडून बोलत असू. ती वैतागून भिंतीकडे तोंड फिरवी.

एका रविवारी माझ्या कथक शिकणाऱ्या मुलीने संगणकावर जुना लघुपट लावला. नॉर्मन मॅक्लारेनचा ‘पा द दू’, साल १९६८. मी म्हटले, “अगं, आजीला यातलं काय कळणार? गोष्ट तरी आहे का यात?”

गोष्ट म्हणाल तर एवढीच. काळ्याभोर अंधारात एक नर्तिका. तिच्यातून तिचीच दुसरी आकृती बाहेर पडते आणि ती स्वतःशीच नाचू लागते. मग एक नर्तक येतो. ती बिचकते, दूर जाते, अखेर जवळ येते. संवाद नाहीत, नेपथ्य नाही. सोबतीला फक्त रुमानियातल्या अनेक नळ्यांच्या बासरीचे सूर.

मॅक्लारेन मूळचा स्कॉटलंडचा. १९४१ मध्ये तो कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डात आला आणि तिथेच रमला. कॅमेरा बाजूला ठेवून थेट फिल्मच्या पट्टीवर रंग ओढणारा हा अवलिया. १९५७ साली त्याने बसू न देणाऱ्या एका हट्टी खुर्चीवर लघुपट केला, त्याला संगीत होते आपल्या पंडित रविशंकरांचे!

‘पा द दू’मध्ये त्याने मार्गारेट मर्सिए आणि व्हिन्सेंट वॉरन या बॅले कलावंतांना पांढऱ्या पोशाखात नाचवले. प्रकाश असा टाकला की अंधारात नुसत्या कडा उजळाव्यात. मग ऑप्टिकल प्रिंटर नावाच्या यंत्रावर तेच दृश्य थोडे थोडे मागे सरकवत एकाच फिल्मवर पुन्हा पुन्हा छापले, काही ठिकाणी अकरा वेळांपर्यंत. त्यामुळे हात वर गेला, तरी तो जिथून जिथून गेला त्या साऱ्या जागा हवेत रेंगाळतात, मोराच्या पिसाऱ्यासारख्या. एरवी डोळ्यांआड होणारी हालचाल इथे थांबून स्वतःची गोष्ट सांगते.

तेरा मिनिटे संपली. मी वळून पाहिले. आईचा डावा हात हळूहळू वर जात होता, तसाच हवेत थांबला. मग तिने पडद्याकडे बोट केले. पुन्हा लाव.

मला ओशाळल्यासारखे झाले. इतके दिवस आम्ही तिच्या ओठांकडेच पाहत होतो. हात काय म्हणतात, हे कुणी पाहिलेच नव्हते.

संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळी तिने मला खुणेने बोलावले, तळहात पालथा केला आणि हवेत थापल्यासारखा गोल फिरवला. भाकरी! मी पोळ्यांची कणीक झाकून ठेवली आणि ज्वारीच्या पिठाचा डबा काढला.