वातानुकूलन यंत्राची निचरा-नळी

वातानुकूलन यंत्र म्हटले की सामान्य माणसाच्या मनात गारव्याची कल्पना येते. पाण्याची येत नाही. वस्तुतः या यंत्राचा जन्म हवेतील पाणी काढून टाकण्यासाठीच झाला. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यात दमट हवेमुळे कागद फुगत आणि आकसत असे व एकावर एक छापावयाचे रंग नेमके बसत नसत. विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने थंड नळ्यांवरून हवा नेऊन तिच्यातील बाष्प कमी करण्याची योजना आखली. खोली थंड होणे हा त्या योजनेचा जोडलाभ होता. हवेतून काढलेले पाणी बाहेर नेणे हे काम तेव्हापासून या यंत्राच्या मागे लागले आहे, आणि आजच्या घरगुती यंत्रात ते बोटाएवढ्या जाडीच्या एका लवचीक नळीवर सोपविलेले असते. यंत्राच्या एकूण किमतीत या नळीचा वाटा क्षुल्लक असतो. परंतु ती फसली तर भिंत ओलावते, छताला डाग पडतात, बुरशी धरते आणि कित्येकदा खालच्या मजल्यावरील शेजाऱ्याचेही नुकसान होते.

या नळीची खरी कसोटी पाहावयाची असेल तर दिल्लीच्या नैर्ऋत्येस वसलेल्या गुरुग्रामसारखे दुसरे सोयीचे ठिकाण नाही. २०१६ पर्यंत गुडगाव या नावाने ओळखले जाणारे हे हरियाणातील शहर आज उंच निवासी इमारती आणि काचेच्या भिंतींची कार्यालये यांनी भरून गेले आहे. तेथे वर्षात दोन निरनिराळे उन्हाळे येतात असे म्हटले तरी चालेल. मे महिन्यात राजस्थानकडून ‘लू’ वाहते. पारा चाळीस अंशांच्या वर जातो, पण हवा कोरडी ठणठणीत असते. जूनच्या अखेरीस मोसमी वारे पोहोचतात. मग पारा थोडा उतरतो, परंतु हवा पाण्याने जड होते आणि सप्टेंबरपर्यंत तशीच राहते.

हा फरक आकड्यांत मांडला म्हणजे अधिक स्पष्ट होईल. ४२ अंश सेल्सिअस तापमान आणि १५ टक्के सापेक्ष आर्द्रता असलेल्या हवेच्या एका घनमीटरात सुमारे साडेआठ ग्रॅम बाष्प असते. तापमान ३२ अंशांवर उतरले आणि आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की तेच प्रमाण पंचवीस ग्रॅमच्या आसपास जाते. म्हणजे अधिक उष्ण दिवशी हवेत पाणी कमी आणि कमी उष्ण दिवशी ते तिप्पट! दीड टन क्षमतेचे यंत्र पावसाळ्यात तासाला दीड-दोन लिटर पाणी सहज काढते. मे महिन्यात मात्र त्याच यंत्राच्या नळीतून फारच थोडे पाणी येते.

परंतु प्रश्न केवळ नळीच्या आत वाहणाऱ्या पाण्याचा नाही. बर्फाचे पाणी भरलेल्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो हे प्रत्येकाने पाहिले आहे. ते पाणी तांब्यातून झिरपलेले नसते. ते भोवतालच्या हवेतून आलेले असते. दव आकाशातून पडत नाही, तर थंड झालेल्या वस्तूंवर हवेतील बाष्पापासून जमते, हे विल्यम चार्ल्स वेल्स या वैद्याने १८१४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात प्रयोगांनिशी दाखवून दिले होते. ज्या तापमानास हे जमणे सुरू होते त्यास दवबिंदू म्हणतात. वर उल्लेखिलेल्या मे महिन्यातील हवेचा दवबिंदू १० अंशांच्या आसपास असतो, तर पावसाळी हवेचा २७ अंशांच्या आसपास. यंत्रातून निघणारे पाणी साधारण १४ अंशांचे धरले तर काय घडेल हे उघड आहे. मे महिन्यात उघडी नळी कोरडी राहील. जुलैत तिला तांब्याप्रमाणे घाम फुटेल. खोलीच्या आत, जेथे यंत्र हवा कोरडी करीत असते, तेथे हा धोका कमी असतो. खोट्या छताच्या वरील बंदिस्त पोकळीत किंवा भिंतीतील खाचेत मात्र बाहेरची दमट हवा शिरते, आणि नेमका तेथेच नळीचा मोठा भाग दृष्टीआड दडविलेला असतो.

म्हणून नळीवर उष्णतारोधक आवरण चढवितात. त्याचे काम नळीचा बाह्य पृष्ठभाग दवबिंदूच्या वर राखणे एवढेच आहे. आवरण किती जाड हवे याचे ढोबळ गणित करता येते. आतले पाणी १४ अंश, भोवतालची हवा ३२ अंश आणि आर्द्रता ७५ टक्के असेल तर १६ मिलिमीटर जाडीच्या नळीला चांगल्या फेसाळ प्लास्टिकचे सुमारे ८ मिलिमीटर आवरण पुरते. आर्द्रता ९० टक्क्यांवर गेली की दवबिंदू ३० अंशांवर चढतो. हवा आणि पृष्ठभाग यांच्या तापमानात आता जेमतेम दोन अंशांचा फरक चालतो, आणि त्यासाठी आवरणाची जाडी जवळजवळ तिप्पट करावी लागते. आर्द्रतेत वाढ पंधरा टक्क्यांची, पण जाडीत मात्र तिपटीची! काही मिलिमीटरांच्या पातळ आवरणाची नळी वर्षाचे अकरा महिने निर्दोष वाटते आणि एखाद्या झडीच्या आठवड्यात छत भिजविते, त्याचे कारण हेच.

आवरण जाड केले की नळी ताठर बनते आणि अरुंद खाचेत मावत नाही. उलट लवचीकपणा तर हवाच, कारण यंत्रापासून बाहेरपर्यंतची वाट क्वचितच सरळ असते. ही अडचण सोडविण्याची एक रीत म्हणजे नळीची भिंत पातळ व मऊ ठेवून तिच्याभोवती कडक प्लास्टिकचा पेचदार कणा गुंफणे. असा कणा नळीला वाकू देतो, पण चेपू देत नाही. नळीचा आतील पृष्ठभाग मात्र गुळगुळीत असावा लागतो. स्वस्त नळ्यांतील वळ्यांच्या घड्यांत पाणी साचून राहते, तेथे धूळ व सूक्ष्म जंतू यांचा बुळबुळीत थर वाढतो आणि वाट हळूहळू बुजते.

आवरणाचा फेसही असा हवा की त्यातील प्रत्येक बुडबुडा स्वतंत्रपणे बंद असेल. पाण्यातून उष्णता स्थिर हवेच्या वीसपटींहून अधिक सहजतेने वाहते. एकदा ओले झालेले आवरण जवळपास निरुपयोगी होते. या कारणास्तव फेसावर बाष्प अडविणारे अखंड पातळ कवच घालतात. ते सांध्यापाशी उघडे राहिले तर दमट हवा आत शिरून आवरणाखालीच पाणी धरते. सांध्यावरचे आवरण हाताने नीट न गुंडाळल्यामुळे चांगली नळीही वाया जाते.

लवचीकपणाचा आणखी एक दोष आहे: लवचीक वस्तू आधाराविना लोंबते. तासाला दोन लिटर हा प्रवाह अगदी क्षीण. त्याच्यामागे जोर कसलाच नाही, केवळ उतार. शंभरास एक एवढा तरी उतार सलग हवा, आणि नळी मऊ असल्यास त्याहून अधिक. दोन आधारांमध्ये नळी लोंबली की त्या खळग्यात पाणी साचते. असे दोन खळगे एकापुढे एक आले तर त्यांच्यामध्ये हवा कोंडली जाते आणि पाणी मागे तुंबून यंत्राच्या तबकातून ओसंडते. नळीचे टोक बादलीतील पाण्यात बुडवून ठेवल्यानेही हाच प्रकार घडतो.

मोठ्या कार्यालयांतील यंत्रांत मात्र एक खळगा मुद्दाम ठेवावा लागतो. तेथील पंखा तबकाच्या बाजूची हवा ओढून घेतो, त्यामुळे नळीतून बाहेरची हवा उलट आत येऊ पाहते व पाणी अडते. पाण्याने भरलेला वाक तिला थोपवितो. दर १० पास्कल ओढीमागे सुमारे १ मिलिमीटर पाण्याची उंची लागते. गुरुग्रामच्या कोरड्या महिन्यांत मात्र हा वाक सुकून जातो, आणि नळी गटाराला जोडलेली असल्यास दुर्गंधी थेट खोलीत येते.

या सर्व विवेचनाचे सार असे की ही नळी सर्वांत उष्ण दिवसासाठी नव्हे, तर सर्वांत दमट दिवसासाठी योजावी लागते. मुंबईत हवा बहुतेक काळ दमटच असल्याने नळीतील दोष बसविल्यावर लवकर उघडकीस येतो. गुरुग्राममध्ये यंत्रे बसविण्याची आणि तपासण्याची घाई एप्रिल-मे महिन्यांत असते. त्या वेळी नळीत पाणी नसते, पृष्ठभागावर घाम नसतो, आणि चुकीचा उतारही बरोबर वाटतो. दोष दिसू लागतो तो जुलैत, कारागीर निघून गेल्यावर आणि छताचे काम पुरे होऊन रंग दिल्यावर.

यावर उपाय अगदी साधा आहे. छत झाकण्यापूर्वी यंत्राच्या तबकात दोन लोटे पाणी हळूहळू ओतावे आणि बाहेरच्या टोकाशी दुसऱ्या माणसाने उभे राहावे. ओतलेले पाणी थोड्या वेळात जवळजवळ सर्व बाहेर आले तर उतार ठीक आहे असे समजावे. न आल्यास उरलेले पाणी नळीत कोठेतरी थांबले आहे हे निश्चित. मग हाताने चाचपून तो खळगा शोधावा, आधार वाढवावा आणि सांध्यांवरचे आवरण पुन्हा तपासावे. मे महिन्यात खर्ची पडलेले हे दोन लोटे पाणी जुलैतील पुष्कळ पाणी योग्य वाटेने घालवू शकते.