दुसरा बार

दसरा उलटून भात पिवळं पडू लागलं की कर्जत-खालापूरच्या डोंगरकडेला रात्रीची झोप संपते. शेतातल्या माळ्यावर राखण बसते. पत्र्याचे डबे बडवतात, आरोळ्या ठोकतात, अलीकडे सुतळी बॉम्बही लावतात. रानडुकरं त्याला दोन रात्री बिचकतात, तिसऱ्या रात्री सरावतात. ठाकुरवाडी हे इथे एकाच गावाचं नाव नव्हे. डोंगराच्या कुशीत ठाकरांची घरं वसली की ती ठाकुरवाडी, आणि अशा वाड्या दोन्ही तालुक्यांत जागोजाग आहेत. त्यातल्याच एका वाडीत गेल्या आश्विनात मी एका म्हाताऱ्याची ठासणीची बंदूक पाहायला गेलो. परतलो तो एका अमेरिकन रिव्हॉल्व्हरचा विषय डोक्यात घेऊन.

त्याला कारण नातू. तो जवळच्या एका फार्महाऊसवर राखणदार आहे. दिवसभर दुसऱ्याचा बंगला राखायचा आणि रात्री स्वतःचं भात. त्याने मोबाइल पुढे केला. पडद्यावर तळहातात मावेल एवढी रिव्हॉल्व्हर. मूठ आवळली की समोरच्या पुठ्ठ्यावर लाल ठिपका. पाच गोळ्या संपल्या, माणसाने खिशातून एक गोल चकती काढली आणि पाचही काडतुसं एका दमात आत ढकलली.

“आज्या, तुझा एक बार भरून होईस्तोवर हा दहा मारंल.”

“मारंल. पन कशाला?” आजा म्हणाला.

त्याने बंदूक भरायची कशी ते दारू न घालता मला दाखवलं. दस्ता जमिनीवर, नळीचं तोंड वर. आधी मापाने दारू. तिच्यावर काथ्याचा बोळा, तो गजाने ठासायचा. मग छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा गज. शेवटी घोडा मागे ओढून निपलवर तांब्याची टिकलीएवढी केप बसवायची. दिवसाउजेडी, ओसरीत निवांत बसूनही मिनिट होत आलं. रात्री, माळ्यावर, ओलसर हातांनी काय होत असेल? केप दमट झाली तर घोडा नुसता टक् करतो. आपण ‘ठासून सांगतो’, आपला ‘बार फुसका निघतो’ ते या बंदुकीच्याच भाषेत. वाक्प्रचार उरले, गज गेला.

कायद्यात मात्र ती अजून नावानिशी हजर आहे. 1878 च्या शस्त्र कायद्याने इंग्रजांनी देश परवान्याखाली आणला. स्वातंत्र्यानंतरच्या 1959 च्या कायद्यातही परवाना राहिला. पण त्याच्या तेराव्या कलमात खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्याची वेगळी दखल आहे. याचा अर्थ तिने डुक्कर मारता येतं असा नाही. ते 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली येतं आणि त्यासाठी वनखात्याची निराळी परवानगी लागते. म्हाताऱ्याला हे पक्कं ठाऊक होतं. त्याची बंदूक आवाजासाठी आहे. बार हवेत निघतो, कळप बांधावरून उधळतो, आणि पुढचा तासभर शेत शांत राहतं. दुसरा बार भरायला हवा तेवढा वेळ असतो.

हा भाग बंदुकांसाठी प्रसिद्ध नाही. कर्जत-माथेरानच्या परिसरात भाई कोतवालांच्या आझाद दस्ता या क्रांतिकारी गटाने 1942 मध्ये विजेचे मनोरे पाडले, सरकारला जेरीस आणलं. 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडावर कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. बंदुका बहुतेक समोरच्या बाजूला होत्या.

पण झटपट भरण्याचा नातवाचा मुद्दा जुनाच आहे. हातातलं हत्यार रिकामं झाल्यावर ते पुन्हा भरेपर्यंत माणूस निःशस्त्र असतो, आणि हा वेळ कमी करण्यात बंदूक बनवणाऱ्यांची दीडशे वर्षं गेली. इंग्रजी फौजेने 1887 मध्ये वेब्ली रिव्हॉल्व्हर स्वीकारली. तिची नळी बिजागरीवर खाली पडते आणि सगळ्या पुंगळ्या आपोआप उसळून बाहेर येतात. बाहेर काढण्याचा प्रश्न सुटला, आत घालण्याचा राहिला. तो प्राइडो नावाच्या एका इंग्रज दंतवैद्याने हाती घेतला. 1893 मध्ये त्याने सहा काडतुसं गोलाकार धरून एकदम आत सोडणारी चकती काढली. नातवाच्या मोबाइलमधल्या चकतीची ती पणजी. दात काढणाऱ्याला खाचेत वस्तू बसवायचं सुचावं, हे मला फार पटतं.

पुढे गोळ्या मुठीतच भरलेलं पिस्तूल आलं आणि चकतीची निकड कमी झाली. नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 21 डिसेंबर 1909 ला अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर झाडलेलं ब्राउनिंग याच नव्या जातीचं. तरीही रिव्हॉल्व्हर टिकली. भरून कपाटात ठेवली तरी कसली स्प्रिंग दबून राहत नाही, काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढला की चक्रीतलं पुढचं समोर येतं. खिशात ठेवायच्या छोट्या रिव्हॉल्व्हरचा नमुना स्मिथ अँड वेसन कंपनीने 1950 मध्ये ठरवून दिला. पाच गोळ्या आणि जेमतेम दोन इंचांची नळी.

आता नातवाच्या पडद्यावर जे दिसत नव्हतं ते. अशा रिव्हॉल्व्हरची चक्री डावीकडे बाहेर झुलते. चकती मागून आणायची, काडतुसांची टोकं भोकांत बसवायची, मग चकतीची कळ फिरवायची किंवा ती नुसती दाबायची. चकतीचा घेर काडतुसांच्या गोलापेक्षा थोडा जास्त असतो, आणि नेमक्या तिथेच मुठीचा डावा गाल येतो. चकती त्याला अडते, तिरकी होते, चार काडतुसं भोकावर येतात आणि पाचवं काठावर बसतं. म्हणून चांगल्या मुठीचा डावा गाल वरच्या बाजूला खरवडलेला असतो.

लेसरच्या मुठीने या भांडणात भर घातली. क्रिमसन ट्रेस या अमेरिकन कंपनीने हा प्रकार लोकप्रिय केला. मूळ मूठ काढायची, ही बसवायची. दिव्याचा डोळा उजव्या गालाच्या वरच्या टोकाला, कळ बोटांखाली पुढच्या बाजूला. मूठ आवळली की दिवा लागतो. बॅटरी आणि तारा आत बसवायच्या म्हणजे मूठ फुगते, वर पकड यावी म्हणून रबर. त्या रबराचा डावा गाल कापलेला नसेल तर चकती अडलीच. म्हणजे नेम सोपा करणारी मूठ भरणं अवघड करते, आणि भरणं सोपं करणाऱ्या चकतीला तीच मूठ नको असते. अर्ध्या इंचाच्या जागेवरून दोन सोयींचं भांडण. आमच्याकडे सामाईक बांधावरून चालतं, तसंच.

आणखी दोन अडचणी दुकानदार आपणहून सांगत नाही. नळी आखूड तशी पुंगळ्या ढकलणारी दांडीही आखूड. ती पुंगळ्यांना पूर्ण बाहेर काढत नाही. हत्यार उभं धरून दांडीवर तळहाताचा दणका द्यावा लागतो, तरी एखादी डाव्या गालापाशी अडकते. दुसरी अडचण लेसरची. दिवा नळीच्या बाजूला आणि खाली असतो, त्यामुळे ठिपका आणि गोळी एका ठरावीक अंतरावरच एकत्र येतात. त्याच्या अलीकडे-पलीकडे थोडा फरक पडतोच. उजव्या हाताचं बोट सरळ ठेवलं तर ते दिव्याच्या डोळ्यापुढे येतं. शिवाय लाल ठिपका उन्हात दिसत नाही. वैशाखात कर्जतच्या माळावर तो शोधायला निघालात तर डुक्कर आधी सापडेल.

ज्यांना या छोट्या हत्याराची खरी माहिती आहे, त्यांतले बरेच लोक चकतीही सोडतात आणि रबराची चपटी पट्टी वापरतात. तिच्यात काडतुसं एका रांगेत खोचलेली असतात. दोन-दोन आत सरकवायची, पट्टी सोलून घ्यायची. वेग कमी, पण खिसा फुगत नाही आणि मुठीच्या गालाशी वादही नाही. जेरी मिक्युलेक नावाच्या अमेरिकन नेमबाजाने 1999 मध्ये सहा गोळ्या झाडून, हत्यार पुन्हा भरून, आणखी सहा 2.99 सेकंदांत झाडल्या. पण ती मोठी रिव्हॉल्व्हर होती, काडतुसं पातळ पोलादी कड्यात अडकवलेली होती आणि हात मिक्युलेकचे होते. जाहिरात आपल्याला असे हात विकत नाही.

आपल्याकडे परवानाधारकाच्या हाती बहुधा कानपूरच्या सरकारी कारखान्याची .32 रिव्हॉल्व्हर असते. 2014 मध्ये कानपूरमधूनच ‘निर्भीक’ आली, टायटॅनियमच्या मिश्रधातूची, सुमारे अर्धा किलोची. दिल्लीतल्या 2012 च्या सामूहिक बलात्काराच्या प्रकरणानंतर स्त्रियांसाठी म्हणून तिची जाहिरात झाली. किंमत लाखाच्या वर होती, त्यामुळे ती कोणत्या स्त्रियांसाठी, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. या दोन्ही रचना जुन्या वेब्लीच्या घरातल्या. नळी खाली पडते, चक्रीची पाठ वर येते आणि मूठ वाटेतून बाजूला होते. नवी अमेरिकन रिव्हॉल्व्हर जिथे अडते, तिथे हे जुनाट वाटणारं हत्यार मोकळं असतं. चकती त्याच मापाची मिळाली तर गालाचा प्रश्नच येत नाही. लेसरची मूठ मात्र ज्या मॉडेलसाठी घडवली त्यालाच बसते. परदेशी मूठ कानस लावून कानपुरी हत्यारावर बसवू नये.

माझं मत विचाराल तर छोट्या रिव्हॉल्व्हरवर लेसर आणि चकती दोन्हींचा हट्ट धरणारा माणूस सरावाचं काम विकत घ्यायला निघालेला असतो. अंधारात नेम धरायची खरी गरज असेल त्याने डावा गाल कापलेली लेसर मूठ घ्यावी, रिकाम्या पुंगळ्यांवर महिनाभर सराव करावा आणि बॅटरी दिवाळीला बदलावी. बाकीच्यांना साधी लाकडी मूठ पुरे. फार्महाऊसच्या मालकाला तर आधी चांगला टॉर्च आणि भुंकणारं कुत्रं.

निघताना म्हाताऱ्याने परवान्याचं पुस्तक फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवलं. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते, हे त्याने मला दोनदा सांगितलं. ती भाताच्या दिवसांत लागली तर राखण डब्यावर येते. नातू म्हणाला, आज्यामागं ती बंदूक माझ्याकडं.

ती अशी आपोआप येत नाही. परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराच्या नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याची मुदत पाच वर्षांची आहे, आणि परवानाधारक गेला की हत्यार उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. वारसाने आपल्या नावाचा अर्ज वेगळा करायचा. रायगडात तो अलिबागला, जिल्हाधिकाऱ्यांकडे. तुमच्याही घरी आजोबांची बंदूक खुंटीला लटकत असेल तर या दिवाळीत साफसफाई करताना आधी परवान्यावरची तारीख बघा.