धोडपची लढाई आणि छावणीतला शिपाई

नामपूरच्या नैऋत्येस, सातमाळ रांगेतील धोडप किल्ल्याच्या परिसरात, 10 जून 1768 रोजी थोरले माधवराव पेशवे आणि त्यांचे चुलते रघुनाथराव यांच्या फौजा भिडल्या; मराठ्यांच्या या घरच्या युद्धात रघुनाथराव पराभूत होऊन पुण्यास शनिवारवाड्यात नजरकैदेत पडले, हे सर्वश्रुत आहे; शिपायाच्या हालांकडे मात्र बखरकारांचे फारसे लक्ष गेलेले नाही.

मराठी घोडदळात बारगीर, म्हणजे सरकारी घोड्यावर चाकरी करणारा, आणि शिलेदार, म्हणजे स्वतःचा घोडा व हत्यारे घेऊन येणारा, असे दोन वर्ग होते. शिलेदारास मोहिमेपूर्वी घोड्याच्या तयारीसाठी नालबंदी ही आगाऊ रक्कम मिळे, परंतु घोडा मेला की त्याची उपजीविकाच बुडे, त्यामुळे हातघाईच्या वेळी तो जिवाइतकाच जनावरालाही जपे, आणि त्यास भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. वैरण आणण्यासाठी ‘कही’ ही टोळी मुक्कामाबाहेर पाठवली जाई. ती शत्रूच्या तावडीत सापडली तर दावणीची घोडी उपाशी राहत. धोडपच्या घरच्या युद्धात मुलूख आपलाच असल्याने ही वैरण बहुधा आपल्याच रयतेच्या गंजीतून येई.

पगार तुंबला की शिपाई सरदाराच्या डेऱ्यापुढे धरणे धरीत, म्हणजे देणे चुकते होईपर्यंत त्याची वाट अडवून बसत. एरवी दसऱ्याला निघालेली फौज पावसाळ्यापूर्वी छावणीस परते. धोडपची लढाई मात्र ऐन मृगाच्या तोंडावर झाली.