एकट्या प्रवाशाची अनामत : क्रूझमधील केबिन-नोंदणीचे अर्थशास्त्र आणि ग्राहकाचे हक्क (गोंदिया जिल्ह्यातील प्रवाशाच्या संदर्भात)

प्रस्तावना :

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याच्या विभाजनातून अस्तित्वात आलेला गोंदिया जिल्हा हा तलावांचा, धानाचा आणि जंगलाचा जिल्हा आहे. समुद्र येथून फार दूर. गोंदियाहून मुंबईचे रेल्वेने अंतर सुमारे हजार किलोमीटर भरते. असे असूनही समुद्रपर्यटन हा विषय आता या जिल्ह्याला परका राहिलेला नाही. कॉर्डेलिया क्रूझेस या कंपनीने 'एम्प्रेस' हे जहाज सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून चालविण्यास प्रारंभ केला आणि रेल्वेच्या आयआरसीटीसी या संस्थेने त्याची नोंदणी आपल्या संकेतस्थळावरून उपलब्ध करून दिली. २० सप्टेंबर २०२५ रोजी मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. ज्या माध्यमातून गोंदियाचा प्रवासी विदर्भ एक्सप्रेसचे तिकीट काढतो, त्याच माध्यमातून त्याला जहाजातील केबिनही घेता येऊ लागली.

मात्र या दोन नोंदणींमध्ये एक मूलभूत फरक आहे. रेल्वेत एका व्यक्तीला एका शायिकेचे भाडे द्यावे लागते. जहाजात एका व्यक्तीला बहुधा दोघांच्या केबिनचे मोल द्यावे लागते. सेवानिवृत्तीनंतर एकट्याने प्रवासास निघणारे प्राध्यापक, पतिनिधनानंतर प्रथमच घराबाहेर पडणारी स्त्री, अविवाहित कर्मचारी या सर्वांना हा फरक प्रथम जाणवतो तो नोंदणीच्या वेळी मागितल्या जाणाऱ्या अनामत रकमेत. ही रक्कम कशी ठरते, ती कितपत न्याय्य आहे आणि प्रवास रद्द झाल्यास तिचे काय होते, या तीन प्रश्नांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

विसार, अनामत आणि आगाऊ हप्ता :

व्यवहारात हे तीन शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात. पण त्यांचे अर्थ भिन्न आहेत. विसार, ज्याला आपल्या भागात बयाना म्हणतात, हा करार पक्का झाल्याची खूण म्हणून दिला जातो. करार पूर्ण झाल्यास तो किमतीत वळता होतो आणि देणाऱ्याने करार मोडल्यास तो जप्त होऊ शकतो. अनामत ही कराराच्या पालनाची हमी म्हणून ठेवलेली, तत्त्वतः परत मिळण्याजोगी रक्कम होय. आगाऊ हप्ता म्हणजे किमतीचा आधी दिलेला भाग. क्रूझ कंपन्या ज्याला 'डिपॉझिट' म्हणतात त्यात या तिन्हींची सरमिसळ असते. ते अंतिम भाड्यात वळते होते, केबिन राखून ठेवते आणि ठरावीक मुदतीनंतर जप्तही होते. काही सवलतीच्या योजनांमध्ये तर ते पहिल्या दिवसापासूनच 'ना-परतावा' असते. म्हणून पावतीवरील शब्दाकडे न पाहता त्या रकमेचे कार्य काय आहे हे पाहणे आवश्यक ठरते.

एकल अधिभार कसा निर्माण होतो ?

क्रूझचे जाहीर होणारे भाडे हे बहुतेक वेळा 'दोघांच्या निवासावर आधारित, प्रतिव्यक्ती' असते. केबिन दोघांची गृहीत धरलेली असल्याने एकच प्रवासी आल्यास दुसऱ्या रिकाम्या जागेपोटी जी वाढीव रक्कम आकारली जाते, तिला एकल अधिभार म्हणता येईल. तो मूळ भाड्याच्या शंभर टक्क्यांपर्यंत असू शकतो. बंदरशुल्क व शासकीय कर मात्र प्रत्यक्ष प्रवास करणाऱ्या व्यक्तीवरच लागतात; न आलेल्या व्यक्तीचे ते आकारले जाणे अपेक्षित नाही.

यामागील कारणे तीन आहेत. पहिले, जहाजातील केबिनची संख्या निश्चित असते. हंगामात मागणी वाढली म्हणून ती वाढविता येत नाही. दुसरे, केबिन हा नाशवंत माल आहे. जहाज सुटल्यावर रिकामी राहिलेली केबिन पुन्हा विकता येत नाही. तिसरे कारण कमी परिचित असले तरी महत्त्वाचे आहे. कंपनीचे उत्पन्न केवळ भाड्यातून येत नाही. पेये, किनाऱ्यावरील सहली, छायाचित्रे, खरेदी यांवर प्रत्येक प्रवासी जहाजावर स्वतंत्र खर्च करतो. दुसरा प्रवासी न आल्यास हे उत्पन्न बुडते. उलट बाजूने, त्याच्या भोजनाचा व सेवेचा खर्च वाचतो हेही तितकेच खरे. त्यामुळे शंभर टक्के अधिभार हा खर्चाचा अटळ परिणाम नसून बाजारातील मागणीनुसार घेतलेला व्यावसायिक निर्णय असतो, असे म्हणावे लागते.

याचा पुरावा उद्योगाच्या इतिहासातच मिळतो. २०१० साली सेवेत आलेल्या 'नॉर्वेजियन एपिक' या जहाजावर एकट्या प्रवाशांसाठी १२८ लहान केबिन स्वतंत्रपणे बांधण्यात आल्या. जागा लहान केली की दर एका व्यक्तीवर मोजता येतो, हे त्यातून सिद्ध झाले. आपल्याकडे ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर सुरू झालेल्या 'आंग्रिया' जहाजात जोडप्यांच्या खोल्यांबरोबरच सामायिक दालनातील एकेक खाटही विकली जात होती. ती सेवा पुढे बंद पडली. पण एकट्या प्रवाशाचा प्रश्न विक्रीचे एकक बदलून सुटू शकतो, हे तिने दाखवून दिले.

परिचित उदाहरणांशी तुलना :

हे तत्त्व समजण्यासाठी जिल्ह्याबाहेर जाण्याची गरज नाही. डिसेंबर २०१३ मध्ये घोषित झालेल्या नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात सफारीसाठी जिप्सी घ्यावी लागते. आत एक प्रवासी बसो वा सहा, वाहनाचे भाडे आणि मार्गदर्शकाचे शुल्क तेच राहते. एकट्याने जाणाऱ्यावर संपूर्ण वाहनाचा भार पडतो. गोंदिया हे ज्याचे सोयीचे रेल्वेस्थानक आहे, त्या शेजारच्या कान्हा व्याघ्र प्रकल्पासाठी मात्र मध्य प्रदेश वनविभागाने संपूर्ण वाहनासोबतच एका आसनाच्या नोंदणीचीही सोय आणली. जंगल तेच, वाहन तसेच. विक्रीचे एकक बदलल्याने एकट्याचा खर्च बदलला.

रेल्वेच्या वातानुकूलित प्रथम वर्गात दोन शायिकांचा कूपे असतो. तेथेही प्रवासी एका शायिकेचेच भाडे देतो. दुसरी शायिका रेल्वे अनोळखी प्रवाशाला देते. तिकीट रद्द केल्यास कपातही एकाच शायिकेवर मोजली जाते. याउलट २००४ साली सुरू झालेल्या 'डेक्कन ओडिसी' या राज्याच्या पर्यटन गाडीत दोघांच्या व एकट्याच्या निवासाचे दर वेगवेगळे जाहीर केले जातात. कूपे एका रात्रीचा प्रवास असतो, क्रूझची केबिन अनेक दिवसांचे घर असते. म्हणून तेथे अनोळखी सोबती स्वीकारणे सर्वांनाच शक्य नसते. एकांताचे मोल एकट्याने द्यावे, हे म्हणणे अगदीच गैर नाही. प्रश्न फक्त ते किती आणि केव्हा द्यावे, एवढाच आहे.

एक उदाहरण :

पुढील आकडे केवळ समजुतीसाठी काल्पनिक घेतले आहेत. समजा, दोघांच्या निवासावर आधारित प्रतिव्यक्ती भाडे ५०,००० रुपये, आणि बंदरशुल्क व कर प्रतिव्यक्ती १०,००० रुपये आहेत. जोडप्यातील प्रत्येकाला ६०,००० रुपये पडतील. शंभर टक्के अधिभार असल्यास एकट्याला भाड्याचे १,००,००० व शुल्काचे १०,००० असे १,१०,००० रुपये द्यावे लागतील. अधिभार पन्नास टक्के असल्यास ८५,००० रुपये.

आता अनामत भाड्याच्या २५ टक्के आहे असे मानू. जोडप्यातील प्रत्येकाचे १२,५०० रुपये अडकतात. शंभर टक्के अधिभार देणाऱ्या एकट्याचे २५,००० रुपये. पुढे एखाद्या टप्प्यावर भाड्याच्या ५० टक्के कपातीची अट लागू झाली, तर जोडप्यातील प्रत्येकाचे नुकसान २५,००० रुपये आणि एकट्याचे ५०,००० रुपये होते. म्हणजे एकटा प्रवासी केवळ दुप्पट देत नाही. तो दुप्पट गमावण्याचा धोकाही पत्करतो. काही कंपन्या अनामत प्रतिव्यक्ती, तर काही प्रतिकेबिन घेतात. त्यामुळे सुरुवातीची रक्कम लहान दिसली तरी अंतिम हप्त्याच्या वेळी अधिभाराचा संपूर्ण भार एकदम समोर येण्याची शक्यता असते.

येथे आणखी एक बाब लक्षात घ्यावयास हवी. जोडीने नोंदणी केलेल्या दोघांपैकी एकाचा प्रवास आजारपणामुळे वा निधनामुळे रद्द झाला, तर उरलेला प्रवासी त्याच क्षणी 'एकटा' ठरतो. अनेक कंपन्यांच्या अटींनुसार रद्द झालेल्या प्रवाशाची रक्कम परत न येता ती उरलेल्याच्या अधिभारात वळती होते. म्हणून हा विषय केवळ अविवाहितांचा वा विधवांचा नसून प्रत्येक जोडप्याचाही आहे.

कायद्याची भूमिका :

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात भंगासाठी रक्कम नमूद असली तरी ती केवळ कमाल मर्यादा असते; न्यायालय तिच्या आत वाजवी भरपाईच देते. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ च्या मौला बक्ष प्रकरणात विसार आणि हमीपोटीची अनामत यांत भेद केला. वाजवी विसाराची जप्ती दंड ठरत नाही. पण अनामत जप्त करावयाची तर, नुकसान मोजता येण्याजोगे असल्यास ते सिद्ध करावे लागते, असे त्यात म्हटले आहे. २०१५ च्या कैलाशनाथ असोसिएट्स प्रकरणात दिल्ली विकास प्राधिकरणाने जप्त केलेली विसाराची रक्कम परत करण्याचा आदेश झाला. कारण तोच भूखंड प्राधिकरणाने नंतर कितीतरी अधिक किमतीला विकला होता, म्हणजे नुकसान झालेच नव्हते. हे प्रकरण जमिनीचे असले तरी त्यातील तर्क केबिनला लावून पाहण्यासारखा आहे. प्रवासाच्या चार महिने आधी सोडलेली आणि पुन्हा विकली गेलेली केबिन हे तसेच उदाहरण होय. अर्थात जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशी केलेल्या रद्दबातलीस हा तर्क लागू पडणार नाही. तेथे कंपनीचे नुकसान खरे असते.

२० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये कलम २(४६) अन्वये 'अनुचित करार' ही संकल्पना आली. उघडपणे अवाजवी अनामत मागणे आणि भंगामुळे झालेल्या नुकसानीशी विसंगत दंड लावणे या दोन्ही बाबी त्या व्याख्येत स्पष्टपणे नमूद आहेत. अनुचित कराराची तक्रार जिल्हा आयोगाकडे नव्हे, तर राज्य आयोगाकडे करावी लागते. कबूल केलेला परतावा न देणे, केबिन बदलणे यांसारख्या सेवेतील त्रुटीची तक्रार मात्र रकमेच्या मर्यादेत गोंदियाच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते. कारण कलम ३४ नुसार तक्रारदार जेथे राहतो तेथेही तक्रार दाखल होऊ शकते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणास शुल्क नाही. मुंबईतील कंपनीविरुद्ध मुंबईतच लढावे लागेल, ही समजूत त्यामुळे चुकीची ठरते.

नोंदणीपूर्वी विचारावयाचे प्रश्न :

१) अनामत प्रतिव्यक्ती आहे की प्रतिकेबिन ? ती ना-परतावा आहे काय ?

२) अधिभार किती टक्के आहे आणि तो केवळ भाड्यावरच लावला आहे ना ? न आलेल्या प्रवाशाचे बंदरशुल्क व कर आकारले नाहीत ना ?

३) कपातीचे टप्पे कोणत्या तारखांना बदलतात आणि कपात अनामतीवर मोजली जाते की एकूण भाड्यावर ?

४) समलिंगी सहप्रवासी मिळवून देण्याची सोय आहे काय, आणि तो न मिळाल्यास अधिभार कोण भरणार ? केसरी, वीणा वर्ल्ड यांनी लोकप्रिय केलेल्या केवळ स्त्रियांसाठीच्या सहलींमुळे एकट्या येणाऱ्या स्त्रियांनी खोली वाटून घेण्याची पद्धत मराठी पर्यटकांत चांगली रुळली आहे.

५) प्रवास विमा उतरविताना अधिभारासह संपूर्ण रक्कम नमूद केली आहे काय ?

गोंदियाच्या प्रवाशाने एक गोष्ट विशेषत्वाने पाळावी. जहाज गाडीची वाट पाहत नाही. रेल्वेला विलंब झाल्याने बंदरावर वेळेत न पोहोचणारा प्रवासी 'अनुपस्थित' ठरतो आणि त्याचे संपूर्ण भाडे, अधिभारासह, जाण्याचा संभव असतो. म्हणून निदान एक दिवस आधी मुंबईत पोहोचणे हा एका रात्रीचा खर्च असला तरी तो सर्वांत स्वस्त विमा होय.

निष्कर्ष :

एकल अधिभार आणि अनामत या दोन भिन्न गोष्टी आहेत. अधिभार ही जागेची किंमत आहे. ती आधी स्पष्ट सांगितली असेल तर ती स्वीकारावी की नाकारावी, हा प्रवाशाचा निर्णय. अनामत ही वचनाची हमी आहे, आणि तिची जप्ती प्रत्यक्ष नुकसानीच्या मर्यादेतच राहिली पाहिजे. एकट्या प्रवाशाकडून दोघांची किंमत घेणे व्यवसायाच्या दृष्टीने समजण्यासारखे आहे. पण पुन्हा विकल्या गेलेल्या केबिनपोटी त्याची दोघांची अनामत ठेवून घेणे समर्थनीय ठरत नाही.

वाणिज्य शाखेतील स्थिर व बदलत्या खर्चाचा भेद, विधी शाखेतील कलम ७४ आणि समाजशास्त्रातील एकट्या व्यक्तीचे स्थान हे तिन्ही विषय या एका पावतीत एकत्र येतात. नागझिऱ्याच्या जिप्सीपासून आरंभ करून हा विषय वर्गात शिकविता येईल. विद्यार्थ्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या घरांतील एकट्या प्रवाशांना त्याचा प्रत्यक्ष उपयोग होईल.