दोन आकड्यांमधले अंतर

आपल्या भाषेत माणसाला चक्कर येते, भोवळ येते, घेरी येते, डोळ्यांपुढे अंधारी येते, काजवे चमकतात, नाही तर नुसतेच हातपाय गळतात. मराठीची प्राध्यापिका या नात्याने मला या शब्दसंपत्तीचा अभिमान आहे. परंतु दवाखान्यात गेले की साऱ्यांची नोंद एकाच शब्दात होते – 'चक्कर'! आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. घर गरगर फिरते आहे असे वाटणे निराळे. त्याचे मूळ बहुधा कानात असते. उभे राहिल्यावर दृष्टी कडेकडेने काळवंडत येणे निराळे. तिथे मेंदूला रक्त कमी पडत असते. माझी तक्रार या दुसऱ्या जातीची. निजले की ठणठणीत, बसले की बरी, आणि उभी राहिले की दहा मिनिटांत छातीत धडधड, कानांत दडे, हात गार, आणि समोरचा वर्ग धुक्यात गेल्यासारखा.

ज्या बाईचा व्यवसायच उभे राहून बोलण्याचा, तिला हे परवडणारे नव्हे. त्यातून गाव अंबाजोगाई. मुकुंदराजांच्या गावात 'विवेकसिंधु' शिकवायचा आणि मधेच फळ्याला टेकून डोळे मिटायचे! मुलांना वाटे, बाई तल्लीन झाल्या.

रक्त तपासले, हिमोग्लोबिन उत्तम. थायरॉइड ठीक. हृदयाचा आलेख सरळ. एका डॉक्टरांनी 'ताण घेऊ नका' असे सांगितले. दुसऱ्यांनी सलाईन लावले, त्याने दोन दिवस बरे वाटले, म्हणून तिसऱ्यांनी 'अशक्तपणा' असे निदान केले. सासूबाईंनी मीठमोहऱ्या उतरवल्या. घरच्यांचा जीव कळवळत होता हे खरे. पण 'सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत' या वाक्याचा पुढचा, न बोललेला भाग आजारी माणसाला नेमका ऐकू येतो. बाईमाणसाला तर जरा जास्तच.

शेवटी एका तरुण डॉक्टरांनी यंत्राचा बडेजाव न करता काम केले. दहा मिनिटे मला निजवून ठेवले. रक्तदाब १०८/७४, नाडी ७६. मग उभे केले, आणि हातात घड्याळ धरून थांबले. दहाव्या मिनिटाला रक्तदाब १०२/८४, नाडी ११६. "वरचा आकडा ठीक, खालचाही फारसा वाईट नाही. पण मॅडम, वजाबाकी करा," ते म्हणाले.

ही वजाबाकी म्हणजेच नाडीदाब. १९०५ साली कोरोत्कोव्ह या रशियन शल्यवैद्याने दंडाच्या पट्ट्याखाली ठोके ऐकण्याची युक्ती सांगितली, तेव्हापासून हे दोन्ही आकडे सहज मोजता येऊ लागले. पण त्यांच्यामधल्या अंतराकडे फारसे कोणी बघत नाही. १२०/८० मध्ये ते ४० असते. ते वरच्या आकड्याच्या चौथाईहूनही कमी झाले, तर हृदय दर ठोक्याला रक्त थोडे थोडेच पुढे ढकलते आहे असा संशय घ्यावा. माझे निजून ३४ होते, उभ्याने १८.

माणूस उभा राहिला की अर्धा लिटर किंवा त्याहूनही अधिक रक्त पोटात आणि पायांत उतरते. अशा वेळी शिरा आवळून ते वर चढवायचे काम जिच्याकडे असते, तिला 'स्वायत्त मज्जासंस्था' म्हणतात. घाम, पचन, नाडी, डोळ्यांतल्या बाहुल्या, सारा कारभार ती आपल्याला न विचारता चालवते. (हल्ली महाविद्यालयेही स्वायत्त होतात, त्यांच्याविषयी मी इथे काही बोलत नाही.) तिचा ताळ बिघडला की त्याला डिसऑटोनोमिया म्हणतात. माझ्या प्रकाराला 'पॉट्स' असे नाव आहे. रक्तदाब फारसा न पडता, उभे राहिल्यावर दहा मिनिटांत नाडी तीस किंवा अधिक ठोक्यांनी वाढते. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी हे नाव १९९३ साली रूढ केले. करोनाच्या साथीनंतर असे रोगी पुष्कळ दिसू लागले.

या संस्थेचे रौद्र रूप आपल्याकडे एका मराठी डॉक्टरने जगाला दाखवले आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे आमच्या मराठवाड्यातल्या जालना जिल्ह्याचे. महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात काम करताना लाल विंचवाने डसलेली माणसे त्यांनी रात्र रात्र उशाशी बसून पाहिली. दरदरून घाम, ओकाऱ्या, गार पडलेले हातपाय, आणि मग फुप्फुसात पाणी. विंचवाचे विष स्वायत्त संस्थेत वादळ उठवते. रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध त्यांनी अशा रोग्यांना दिले आणि १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये ते प्रसिद्ध केले. मात्र हे औषध घेतलेल्याला निजवूनच ठेवावे लागते, कारण उठून उभा राहिला की रक्तदाब कोसळतो. तो मजकूर वाचताना मला त्या अनोळखी विंचूदंशाच्या रोग्याशी नाते जडल्यासारखे वाटले.

औषधापेक्षा माझा इलाज स्वयंपाकघरात अधिक आहे. दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी, आणि मीठ जास्त. सासूबाईंना रक्तदाबामुळे मीठ कमी. एका घरात दोन पथ्ये! भाजी अळणी शिजते; माझ्या ताटात मिठाची वाटी, ताकात चमचाभर आणखी. दिवाळीच्या चिवड्यावर माझा हक्क सर्वमान्य झाला आहे आणि सासूबाई तो थोड्या असूयेने बघतात. पोटऱ्यांना घट्ट मोजे. आमच्या मे महिन्यात ते घालणे म्हणजे तप आहे. रांगेत उभे राहावे लागले तर पायावर पाय टाकून मांड्या आवळायच्या. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा. पलंग एकच असल्यामुळे ह्यांचीही रात्रभर घसरगुंडी होते. वर्गात मी उंच स्टुलावर बसते. शिपाईमामा त्याला 'सिंहासन' म्हणतात.

मात्र माझे मीठ कोणी उसने घेऊ नये. नाडीदाब आक्रसण्याची कारणे अनेक आहेत. हृदय थकलेले असेल, झडप अरुंद झालेली असेल, तर मीठ घातकच. आणि घरात डेंग्यूचा ताप असेल, ताप उतरता उतरता पोट दुखू लागले, हात गार पडले, आणि अंतर वीसवर किंवा खाली आले, तर तासाचाही विलंब न करता इस्पितळ गाठावे. तिथे वरचा आकडा बराच वेळ फसवतो.

पाणी पीत जा, उन्हात उभ्या राहू नका, दमलात की बसा – हा सल्ला ऐकताना मला जिल्ह्यातल्या ऊसतोड बायका आठवतात. दिवाळी झाली की बैलगाड्या आणि ट्रक भरून त्या निघतात. नवराबायको मिळून एक 'कोयता', अंगावर उचल, आणि एका दिवसाचा खाडा झाला तरी दंड. आडोसा नाही म्हणून त्या पाणी कमी पितात, आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीवर चढतात. त्यांच्या नाडीचे अंतर कोणी मोजायचे?

गेल्या वर्षी जुलैत अशाच घरातली एक मुलगी राष्ट्रगीताला उभी असता कोसळली. चौघीजणी तिला बखोटीला धरून उभी करू लागल्या, कोणी कांदा आणायला धावले. मी तिला आडवीच ठेवायला लावली आणि पाय बाकावर टेकवले; मिनिटाभरात तिने डोळे उघडले. शुद्ध लवकर आली नसती तर थेट गाडीच बोलवावी लागली असती. पुढे तिची तीच निजून-उभी तपासणी झाली, तसाच आकडा निघाला. गावाहून आलेली आई डॉक्टरांशी काही बोलली नाही. बाहेर आल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, कुणाला सांगू नका. पोरीचं अजून व्हायचंय."

तिचे नाव-गाव मी इथेही लिहीत नाही. ती आता दुसऱ्या वर्षाला आहे. खिडकीजवळ बसते, दप्तरात पाण्याची बाटली असते, आणि हजेरीला उभे न राहता बसूनच 'यस मॅडम' म्हणते.