दर्याला नारळ आणि दर्यावरचा हक्क

श्रावणी पौर्णिमेच्या एकाच दिवशी आपल्या घरांतून किती विधी एकत्र येतात! कोणाकडे श्रावणी आणि नवे यज्ञोपवीत, कोणाकडे बहीण-भावांची राखी, आणि दुपारच्या पानावर केशर-वेलदोड्यांचा दरवळ सुटलेला नारळीभात. वरुणदेवतेचे पूजन हा या दिवसाचा एक प्रमुख विधी. परंतु समुद्रापासून दूर वसलेल्या आपल्या घरांत तो नारळाच्या रूपाने ताटातच काय तो उतरला आहे. पालघर जिल्ह्यातील झाईपासून सिंधुदुर्गातील रेडीपर्यंतच्या कोळीवाड्यांत मात्र या दिवसाचा यजमान प्रत्यक्ष दर्या असतो.

मृगाच्या आगेमागे होड्या वाळूवर ओढून घेतात, झावळ्यांनी शाकारतात, आणि मग दोन-अडीच महिने जाळी विणण्यात व सांधण्यात जातात. पौर्णिमेच्या दिवशी सोनेरी वर्खाने मढविलेला नारळ वाजतगाजत किनाऱ्यावर येतो. नाखव्याची पत्नी ओवाळते, गाऱ्हाणे घातले जाते आणि नारळ पाण्यात सोडला जातो. त्या नारळाआधी होडी लोटायची नाही, असा दंडक. आम्हांला आज या दंडकाविषयीच लिहावयाचे आहे. कारण तो नुसता पूजेचा नियम नव्हे. समुद्रात कोणी, केव्हा, कोठे आणि कशाने मासे धरावेत, या फार जुन्या व अद्याप न सुटलेल्या प्रश्नाला आपल्या पूर्वजांनी दिलेल्या उत्तराचा तो एक भाग आहे.

शेताला बांध असतो, बागेला कुंपण असते. समुद्राला यांपैकी काहीच नाही. पाण्यातला मासा जाळ्यात येईपर्यंत कोणाचाच नसतो, आणि आला की ज्याचे जाळे त्याचा होतो. अशा ठिकाणी थांबणारा मूर्ख ठरतो. आज सोडलेले पिल्लू उद्या दुसऱ्याच्या जाळ्यात सापडणार, हे प्रत्येकाला ठाऊक असते. म्हणून ज्या ज्या किनाऱ्यावर माणसे पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करीत आली, तेथे बहुधा त्यांनी पाण्यावर न दिसणारे बांध घातलेले आढळतात. काही बांध काळाचे, काही जागेचे, काही साधनांचे.

नारळी पौर्णिमा हा काळाचा बांध. पावसाळ्यात अनेक जातींचे मासे अंडी घालतात किंवा त्यांची पिल्ले वाढीस लागलेली असतात, हे शास्त्रज्ञ सांगतात. त्या काळात समुद्रही खवळलेला असतो, हे कोणालाही दिसते. मात्र या तिथीत आणखी एक न्याय दडलेला होता. पौर्णिमेच्या सुमारास वारे मंदावू लागतात आणि लहान होडीलाही बाहेर पडता येते. म्हणजे लहान-मोठे सर्व एकाच दिवशी, एकाच वेळी निघत. पहिल्या भरघोस मासळीवर सर्वांचा सारखा दावा राही.

सरकारनेही प्रारंभी या तिथीचा मान राखला होता. महाराष्ट्रात यंत्रनौकांवरील पावसाळी बंदी १० जून ते १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत, अशी ठेवण्याची पद्धत होती. राजपत्रात पंचांगाचा असा उल्लेख येणे आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते. अधिक मासामुळे पौर्णिमा फार लांबली, तर १५ ऑगस्टची मर्यादा होतीच. पुढे सर्व किनाऱ्यांना एकच नियम असावा या हेतूने २०१५ मध्ये केंद्र सरकारने पश्चिम किनाऱ्यासाठी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मुदत ठरविली. यंत्राविना चालणाऱ्या पारंपरिक होड्या तिच्यातून वगळल्या. शेजारच्या राज्याच्या नौका मोकळ्या आणि आमच्या बांधलेल्या, ही तक्रार त्यामुळे कमी झाली, हे मान्य केले पाहिजे. परंतु पंचांग आणि राजपत्र यांची फारकत झाली ती झालीच. २०२३ साली अधिक श्रावण आला होता. त्या वर्षी नारळी पौर्णिमा ३० ऑगस्टला आली, आणि बंदी मात्र १ ऑगस्टलाच उठली होती. ज्या नारळाने समुद्राचे दार उघडायचे, तो महिनाभर उशिरा पोहोचला.

मुंबईच्या उत्तरेकडील एका कोळीवाड्यात आम्ही याविषयी एका वृद्ध तांडेलांना विचारले. “बाबा, महिनाभर लवकर जायला मिळाले, तर नुकसान कसले?”

ते हसले. “भाऊ, जायला मिळालं कोणाला? ऑगस्टच्या पहिल्या हप्त्यात माझी होडी निघते का, ते या पाण्याला विचारा. मोठे ट्रॉलर निघतात. आम्ही नारळ घेऊन येतो तेव्हा पंगत उठलेली असते.”

या उत्तरात तिथीचे सारे अर्थशास्त्र आले. तारीख वरवर सर्वांना सारखी. पण खवळलेल्या समुद्रात सारखी तारीख मोठ्या नौकेला आधी वाढते आणि लहानाला उष्टे ठेवते. बंदीची मुदत पुन्हा १५ ऑगस्टपर्यंत किंवा पौर्णिमेपर्यंत न्यावी, ही पारंपरिक मच्छीमारांची मागणी केवळ श्रद्धेपोटी आलेली नाही, ती यामुळे.

आता जागेचा बांध. ठाणे-पालघर व मुंबईच्या किनाऱ्यावर डोल नावाचे जाळे वापरतात. ते फिरत नाही. समुद्रतळात रोवलेल्या खुंटांना बांधलेली ही एक लांबलचक पिशवी असते. तिचे तोंड प्रवाहाकडे असते आणि भरती-ओहोटीचे पाणी तिच्यातून वाहत राहते. बोंबील, जवळा, मांदेली, करंदी ही तिची मासळी. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला प्रवाह जोराचा, म्हणून मासळी अधिक. भांगाच्या दिवसांत कमी. चंद्राच्या कलांवर इतका थेट चालणारा दुसरा धंदा क्वचितच असेल. असे जाळे जेथे लावायचे, ती जागा महत्त्वाची. खुंट रोवण्याच्या या जागेला किनाऱ्यावर ‘कव’ म्हणतात. डोंगराचा माथा, देवळाचा कळस अशा खुणा एका रेषेत धरून तांडेल आपली कव अचूक ओळखतो. कोणाची कव कोठे, हे गावाला पाठ असते, आणि बापाची कव मुलाकडे जाते. सातबाऱ्यावर तिची नोंद नाही. असलाच तर तिला आधार वहिवाटीचा आणि गावपंचायतीच्या शब्दाचा.

हा शब्द जोवर एका गावापुरता असतो, तोवर टिकतो. वसई-उत्तनकडील डोलकर आणि पालघर-डहाणूकडील दालदी जाळ्यांचे मच्छीमार यांच्यातील कवींचा वाद कित्येक दशके चालला आहे. यंत्रामुळे लांब जाता येऊ लागले, तसे खुंट आपल्या गावासमोरून सरकत दुसऱ्याच्या गावासमोर गेले. प्रवाहावर तरंगत जाणाऱ्या जाळ्यांना हे खुंट अडू लागले. एकाचा हक्क तोच दुसऱ्याचा अडसर. बैठका झाल्या, अधिकाऱ्यांनी मध्यस्थी केली, समुद्रात हातघाईचे प्रसंगही आले. दोन्हीकडची माणसे एकाच एकविरेच्या डोंगरावर नवस फेडायला जातात, हे येथे सांगितल्यावाचून राहवत नाही.

जुन्या व्यवस्थेत असे तंटे सोडविण्यासाठी देवाचा आधार घेतला जाई, आणि तो आधार बराच भक्कम असे. केरळात कासारगोडच्या परिसरात ‘कडक्कोडी’ म्हणजे समुद्राचे न्यायासन ही संस्था आहे. कुरुंबा भगवतीच्या देवळांशी ती जोडलेली. देवळाचे मानकरी बसायचे, कोणते जाळे चालेल व कोणते नाही हे ठरवायचे, भांडण ऐकायचे आणि दंड सांगायचे. भगवतीसमोर सांगितलेला दंड नाकारण्याचे धैर्य कोणाला होणार? यंत्रनौकांच्या काळात तिची पकड सैल झाली. ज्याची नौका दहा गावांचे पाणी ओलांडते, त्याला एका गावच्या देवीचा धाक किती उरणार, हा प्रश्नच आहे.

तमिळनाडूतील पुलिकत सरोवराच्या काठची ‘पाडु’ ही रीत तर आम्हांला अधिकच बोलकी वाटते. तेथे कोळंबीसाठी खुंटांची जाळी लावण्याच्या ठरावीक जागा आहेत. सर्वच जागा सारख्या चांगल्या नाहीत. म्हणून चिठ्ठ्या टाकून पाळी ठरवितात. आज उत्तम जागा ज्याला मिळाली, त्याला उद्या कमी प्रतीची मिळेल. भाग्याचा वाटा असा फिरता ठेवला, की मत्सराला फारशी जागा राहत नाही. परंतु येथेही आम्ही डोळे मिटून कौतुक करणार नाही. ही पाळी पट्टणवार समाजाच्या ठरावीक गावांतील पुरुषांनाच मिळते. सरोवरावरच जगणाऱ्या इतर समाजांना त्या जागांवर प्रवेश नाही, आणि त्यावरून तेथे कटुता आहे. आत असलेल्यांत समता आणि बाहेरच्यांना बंद दार, हे आपल्या अनेक जुन्या व्यवस्थांचे व्यंग येथेही आहे.

साधनांचा बांध सर्वांत आधी मोडला. दक्षिण कोकणात आणि गोव्यात रापण हे किनाऱ्यावरून ओढायचे प्रचंड जाळे. त्याला एका घराचे बळ पुरत नाही. गावातील कितीतरी हात दोरीला लागतात आणि जो ओढील त्याला वाटा मिळतो. माशांचे थवे किनाऱ्याजवळ येतील तरच रापण भरणार. साठ-सत्तरच्या दशकांत सरकारी कर्जे व अनुदाने मिळून यंत्रनौका वाढल्या आणि थवे किनाऱ्याला लागण्यापूर्वीच उचलले जाऊ लागले. गोव्यात सत्तरच्या दशकात रापणकारांनी मोठा लढा उभारला. मातान्ही साल्ढाणा हे त्याचे एक अग्रणी. किनाऱ्यालगतचे पाणी आमच्यासाठी राखा, एवढीच मागणी होती. त्यातून १९८० साली गोव्याचा सागरी मासेमारीचा कायदा आला. त्याच वर्षी केरळचा आणि १९८१ साली आपल्या महाराष्ट्राचा आला. गोव्यात किनाऱ्यापासून ५ किलोमीटरपर्यंतचे पाणी यंत्रनौकांना वर्ज्य ठरले. महाराष्ट्रात ही रेषा वावांच्या खोलीवर ओढली. ठरावीक खोलीच्या आत ट्रॉलरने यायचे नाही.

म्हणजे किनाऱ्याजवळचा समुद्र लहानांचा, हे तत्त्व कायद्याने मान्य करून आता चार दशके लोटली. पण पाण्यावर ओढलेली रेषा रात्री कोणाला दिसते? पर्ससीन जाळ्यांचा उपद्रव वाढला, तेव्हा डॉ. सोमवंशी समितीचा अहवाल आला. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने या जाळ्यांचे परवाने टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत खाली आणण्याचे ठरले, आणि हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर असा बांधला गेला. २०१७ च्या नोव्हेंबरात केंद्राने एलईडी दिव्यांच्या झोतात मासे गोळा करण्यास बंदी घातली. २०२१ मध्ये राज्याच्या कायद्यातील दंड लाखांच्या घरात नेला, आणि २०२५ पासून टेहळणीला ड्रोन आले. नियम उणे नाहीत. पारंपरिक मच्छीमारांना जाऊन विचारा. ते म्हणतात की, नियम आम्हांला तोंडपाठ आहेत, फक्त रात्री ते पाळले जाताना दिसत नाहीत.

ट्रॉलरचा मालक म्हणजे कोणी परका धनिक, असे मानून मोकळे होणे सोपे आहे. पुष्कळदा तो त्याच कोळीवाड्यातला, त्याच देवीचा भक्त, डिझेलच्या आणि कर्जाच्या हप्त्यांनी वाकलेला माणूस असतो. हप्ता थांबत नाही, म्हणून त्याची नौकाही थांबत नाही. त्याला दोष देण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे.

खरी उणीव आमच्या मते अन्यत्र आहे. सरकारचा परवाना नौकेला मिळतो. गावाला त्याच्या समोरच्या पाण्यावर काही अधिकार आहे, असे कोठे लिहिलेले नाही. ज्याला राखण्याचा अधिकार नाही, त्याने राखावे तरी कशाच्या बळावर? आणि परवान्यात जिचा उल्लेखच नसतो, अशी एक व्यक्ती या व्यवसायात आहे. पहाटे धक्क्यावर लिलावात उभी राहणारी, बोंबील वाळवणारी, टोपली घेऊन आपल्या गल्लीत येणारी कोळीण. मासळी घटली की सर्वांत आधी तिची टोपली हलकी होते. २०१७ च्या राष्ट्रीय सागरी मत्स्य धोरणात मच्छीमारांना व्यवस्थापनात सहभागी करून घेण्याची भाषा आहे. तो सहभाग गावाच्या पाण्यावरील लेखी हक्कापर्यंत आणि त्या हक्कात कोळणीच्या वाट्यापर्यंत पोहोचतो की नाही, हे पाहावयाचे.

आपल्यापैकी पुष्कळ घरांत श्रावण पाळला जातो. काही घरांत तो पुढे गणपती-गौरीपर्यंत लांबतो, काही घरांत वर्षभरच मासे वर्ज्य असतात. जेथे खाल्ले जातात, तेथे श्रावण सरल्यावर टोपलीत तळहाताएवढेही नसलेले पापलेट दिसले, तर ते परत ठेवावे. २०२३ च्या सप्टेंबरात पापलेट हा राज्यमासा झाला, आणि त्याच वर्षी ५४ जातींसाठी किती लहान मासा धरू नये याची किमान मापे ठरली. सातपाटीचे पापलेट नावाजलेले, आणि त्याच्या पिल्लांसाठी आवाजही तेथील मच्छीमारांनीच उठविला, हे येथे नमूद केले पाहिजे.

त्या कोळीवाड्यात आम्ही सायंकाळपर्यंत थांबलो होतो. मिरवणूक आली, बायकांनी फेर धरला. नारळ सोडताना वृद्ध तांडेलांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. दूर क्षितिजावर आधीच गेलेल्या नौकांचे दिवे लागू लागले होते. त्यांनी एकदा तिकडे पाहिले, मग नातवाला हाक मारून सांगितले, “चल, दोर सोड. पाणी फिरायच्या आत निघायला हवं.”